पाते लवते न लवते तोच : तेजाचे व क्षणाचे इंग्रजी शब्द आणि मराठी

इंग्रजीच्या अध्यापनात आणि इंग्रजीतून मराठीत होणाऱ्या भाषांतराच्या क्षेत्रात एक तक्रार वारंवार ऐकू येते. ग्लीम, ग्लिमर, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, शिमर, स्पार्कल, ट्विंकल, फ्लिकर, फ्लॅश असे तेजाच्या छटा दाखविणारे दहा-बारा शब्द इंग्रजी लेखकाच्या हाताशी असतात; मराठी भाषांतरकाराला मात्र 'चमकणे' या एका क्रियापदावर सारा संसार चालवावा लागतो. अल्प काळ दाखविणाऱ्या शब्दांचीही तीच कथा सांगण्यात येते. इंग्रजीत मोमेंट, इन्स्टंट, ट्राइस, जिफी, फ्लॅश, ट्विंकलिंग. मराठीत 'क्षण' आणि फार तर 'क्षणार्ध'. ही तक्रार इतक्या सहजतेने केली जाते की ती खरी आहे काय, हे तपासण्याची गरज कोणाला भासलेली दिसत नाही.

कोशाकडे वळण्यापूर्वी ती एखाद्या प्रत्यक्ष स्थळी तपासणे हितावह ठरेल. मुंबईतील माहीमचा किनारा या कामाला सोयीचा आहे, कारण तेथे थोड्याशा परिसरात तेजाचे अनेक प्रकार आणि मराठीच्या अनेक बोली एकत्र नांदत आल्या आहेत. एका बाजूस वरळी, दुसऱ्या बाजूस वांद्रे, मध्ये उपसागर. खाडीच्या मुखाशी १८४५ साली खुला झालेला माहीमचा कॉजवे. जवळच सेंट मायकेलचे चर्च, मखदूम अली माहीमी (मृत्यू १४३१) यांचा दर्गा, कोळीवाडा आणि पश्चिम व हार्बर मार्गांचे रेल्वे स्थानक. २००९ सालापासून उपसागराच्या तोंडावर वांद्रे-वरळी सी लिंकचे दिवेही आहेत. सायंकाळी या परिसरात फिरणारा मराठी माणूस काय म्हणेल? दूरच्या होडीवरचा दिवा मिणमिणतो. बुधवारच्या नोव्हेनाला चर्चबाहेर लावलेली मेणबत्ती वाऱ्याने फडफडते. उतरत्या उन्हात पाणी चमचमते. उरुसाच्या रोषणाईने दर्गा झगमगतो. सी लिंकपलीकडे एखादी चांदणी लुकलुकते. ज्येष्ठात ढग भरून आले म्हणजे समुद्रावर वीज लवते, आणि पहिल्या पावसात लोकलच्या टपावरील तारेशी लखकन ठिणगी उडते. यांपैकी एकाही ठिकाणी 'चमकणे' हा शब्द आलेला नाही, आणि येथे आलेला कोणताही शब्द विद्वानांनी घडविलेला नाही.

मग भाषांतरात हे शब्द का येत नाहीत? याचे एक कारण द्विभाषिक कोशांच्या घडणीत सापडते. मोल्सवर्थ याने आरंभिलेला व कँडी याने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यानंतरचे बहुतेक इंग्रजी-मराठी कोश त्याच वाटेने गेले. इंग्रजी शब्द आधाराला घ्यावा आणि त्यापुढे अर्थाने जवळचे मराठी शब्द मांडावेत, ही ती वाट. या पद्धतीत ग्लिटर, ग्लिसन व ग्लीम यांच्यापुढे कमीअधिक तेच ते शब्द येऊन बसतात, आणि त्यांचे परस्परांतील भेद वाचकाने आपल्या बुद्धीने ओळखावयाचे असतात. याउलट मोल्सवर्थच्याच मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) अनुकरणवाचक शब्दांचा मोठा भरणा आहे. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना जे हाती लागले ते इंग्रजीकडून मराठीकडे येताना निसटले. यात कोशकारांची अनास्था नाही. दोष असलाच तर तो शब्दाला शब्द जुळविण्याच्या अपेक्षेचा आहे. कारण या क्षेत्रात भेद दाखविण्याचे काम एकटा शब्द करीत नाही, शब्दाचे रूप करते.

इंग्रजीचीच स्थिती आधी पाहावी. ग्ल या जोडाक्षराने आरंभ होणाऱ्या तेजोवाचक शब्दांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा ध्वनिसमूहांना, म्हणजे ज्यांच्याभोवती विशिष्ट अर्थच्छटा गोळा होतात त्यांना, 'फोनेस्थीम' ही संज्ञा दिली. पुढे या कल्पनेचा काहींनी अतिरेक केला आणि ग्ल या ध्वनीतच प्रकाश भरलेला आहे असे वाटण्यापर्यंत मजल गेली. ग्लव्ह आणि ग्लू हे शब्द त्या मताला दाद देत नाहीत. (ग्लॅड हा शब्द मात्र अनपेक्षितपणे देतो, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'तेजस्वी' असा होता, 'आनंदी' हा अर्थ मागाहून आला.) फर्थ यांच्या मते हा सारा सवयीचा भाग आहे, ध्वनीच्या अंगच्या गुणाचा नव्हे. मराठीत झ, ल आणि च यांनी आरंभ होणाऱ्या शब्दांत अशीच सवय दिसते : झळकणे, झगमगणे, झळाळी; लखलख, लकाकी, लुकलुक; चमचम, चकचक, चुणूक. त्यांच्याच शेजारी झाडू, लोणचे आणि चटई हे शब्दही सुखाने राहतात.

आद्य ध्वनीपेक्षा महत्त्वाचा आहे तो शब्दाचा शेवट, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्लिटर, ग्लिमर, शिमर, फ्लिकर यांच्या अंती येणारा 'अर' आणि स्पार्कल, ट्विंकल यांच्या अंती येणारा 'ल' हे पौनःपुन्य दाखविणारे जुने प्रत्यय आहेत. स्पार्क म्हणजे एक ठिणगी. स्पार्कल म्हणजे ठिणग्यांप्रमाणे पुन्हा पुन्हा चकाकणे. ग्लिंट आणि फ्लॅश यांना तसा प्रत्यय नाही, आणि त्यांचा अर्थही एकदाच घडून संपणाऱ्या घटनेचा आहे. म्हणजे तक्रारकर्त्यांना जी शब्दसंपत्ती वाटते तिच्या मुळाशी बरेचसे व्याकरण आहे. फक्त ते व्याकरण आज इंग्रजीत थिजलेले आहे. इंग्रजी भाषिक आज 'अर' लावून असा नवा शब्द सहसा घडवीत नाही.

मराठीत हेच व्याकरण जिवंत आहे. 'लख' हे अंग घेतल्यास 'लखकन' म्हणजे एकदाच व अकस्मात, 'लखलखणे' म्हणजे पुन्हा पुन्हा किंवा अखंड, आणि 'लखलखीत' म्हणजे वस्तूच्या ठिकाणी स्थिरावलेला गुण. चिंचेने घासलेले पितळेचे भांडे लखलखीत असते, त्यावर काही घडत असण्याची गरज नसते. एका अंगापासून घटना, व्यापार आणि गुण अशा तीन अवस्था नियमाने निघतात. काळोखात टॉर्च लखकन पेटतो. झगझगणे व झगझगीत, झळझळणे व झळझळीत याच वर्गातले. प्रत्येक अंग या तिन्ही पायऱ्या चढत नाही, आणि जेथे ते अडते तेथे काही कारण असते. 'मिणकन' किंवा 'लुककन' असे कोणी म्हणत नाही, कारण मिणमिणणे व लुकलुकणे या व्यापारांना एकवेळपणा मानवतच नाही. एकदाच लुकलुकलेला तारा ही कल्पना करून पाहावी. 'चमचमीत' हा शब्द आहे, पण तो तेजाकडून निघून थेट स्वयंपाकघरात गेला आणि मसालेदार पदार्थाला चिकटला. भाषेचे नियम अशा एखाद्या खोडीसकट स्वीकारावे लागतात.

अभ्यस्त शब्दांची ही घडण एकट्या मराठीची नव्हे. एमेनो यांनी १९६९ साली भारतीय भाषाक्षेत्रातील अनुकरणवाचक शब्दांवर लिहिलेल्या निबंधात आर्य व द्राविड या दोन्ही कुलांत तिचे साधर्म्य दाखविले आहे. मराठीला ही सामग्री दोन्ही बाजूंच्या शेजारामुळे लाभली, असे मानण्यास जागा आहे.

रूपाचा विचार झाल्यावर प्रतिमेचा विचार येतो. येथे दोन्ही भाषा इतक्या जवळ येतात की भाषांतरकाराने हताश होण्याचे कारणच उरत नाही. फ्लिकर हे क्रियापद जुन्या इंग्रजीत पक्ष्याच्या पंखांसाठी वापरले जाई. ज्योतीच्या संदर्भात ते सुमारे १६०० पासून येऊ लागले. मराठीत ज्योत फडफडते आणि पंखही फडफडतात. ग्लिम्प्स हा शब्द आज 'ओझरते दर्शन' या अर्थी रूढ आहे. मूळ अर्थ मंद किंवा क्षणिक प्रकाश असा होता. मराठीतील 'झलक' हाही 'झळक' या तेजोवाचक शब्दाचा सोयरा असून आज ओझरत्या दर्शनासाठीच योजला जातो. फ्लॅश हा शब्द मूळचा पाण्याचा. पाणी उसळून आपटण्याची क्रिया त्याने दाखविली जाई, आणि सोळाव्या शतकात तो प्रकाशाकडे वळला. मराठीत 'झोत' पाण्याचाही असतो आणि दिव्याचाही. या जोड्या उसनवारीने जमलेल्या नाहीत. पंख, पाणी, नजर यांकडे पाहणारी माणसे दोन्हीकडे होती, एवढेच.

तेज आणि काळ यांची गाठ नेमकी कोठे पडते, हा यापुढचा प्रश्न. येथे कालवाचक शब्दांचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. अमरकोशाच्या गणनेप्रमाणे अठरा निमेषांची एक काष्ठा, तीस काष्ठांची एक कला, तीस कलांचा एक क्षण आणि बारा क्षणांचा एक मुहूर्त होतो. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा धरल्यास क्षण चार मिनिटांचा ठरतो, आणि वृत्तपत्रांना अतिप्रिय असलेला 'क्षणार्ध' पुऱ्या दोन मिनिटांचा. अमराच्या क्षणार्धात माहीम स्थानकात लोकल येऊन, उतारू उतरून व चढून ती पुढच्या वाटेला लागलेली असेल. मध्ययुगीन युरोपात मोमेंट हेही असेच ठराविक माप होते : तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे नव्वद सेकंद. त्या मोमेंटचे ५६४ अणू कल्पिलेले असत. दोन्ही भाषांत मापाची शिस्त सुटली आणि शब्द आकसत आकसत जवळजवळ बिंदूपर्यंत आले. मराठीत घटकेचे व पळाचे मापही असेच सैल झाले आहे. 'पळभर थांब' म्हणणारा चोवीस सेकंद मोजीत नाही.

मापाचे हे शब्द बाजूला ठेवले तर उरलेले शब्द जवळजवळ सगळे शरीराच्या एखाद्या हालचालीवरून आलेले दिसतात. ट्राइस म्हणजे मूळ अर्थाने दोराला दिलेला एक हिसका. मराठीतील 'झटकन' मध्ये तोच झटका आहे. 'चटकन' व 'पटकन' यांत लहानसे आवाज आहेत. जिफी हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस उगवला आणि त्याचे मूळ कोणाला लागलेले नाही. पण सर्वांत जुनी व सर्वांत पसरलेली हालचाल डोळ्याच्या पापणीची आहे. संस्कृत 'निमिष' म्हणजे पापणी मिटणे. जर्मन भाषेत क्षणाला 'आउगेनब्लिक', म्हणजे डोळ्याचा कटाक्ष, असे नाव आहे. आणि 'क्षण' या शब्दाचाही 'ईक्षण' याच्याशी संबंध काही पाश्चात्त्य संस्कृत कोशकारांनी जोडला आहे. इंग्रजी ट्विंकल हे क्रियापद ज्या जुन्या धातूपासून आले त्याचा अर्थ डोळे मिचकावणे असाच होता. म्हणून तारा ट्विंकल करतो आणि ट्विंकलिंग म्हणजे क्षणही होतो. एकाच शब्दात तेज आणि काळ यांची भेट झाली ती पापणीच्या मध्यस्थीने.

या ठिकाणी मराठीतील एका क्रियापदाकडे पाहिले म्हणजे आरंभीची तक्रार टिकत नाही. ते क्रियापद 'लवणे'. त्याची व्युत्पत्ती नम् धातूपासून मानली जाते, आणि फळांनी फांदी लवते तेव्हा तो मूळ अर्थ स्पष्ट दिसतो. डोळ्याचे पाते लवते, म्हणजे खाली येऊन मिटते. आणि वीज लवते. ('लव' हे काळाचे संस्कृत माप तोडणे या अर्थाच्या निराळ्या धातूपासूनचे आहे, ध्वनिसाम्याने फसू नये.) वाकणे, मिटणे, प्रकाशणे हे तीनही अर्थ नित्याच्या बोलण्यात आजही चालू आहेत, आणि 'लवलवणे' या अभ्यस्त रूपात तर ते वेगळे काढताच येत नाहीत : तलवारीचे पाते लवलवते तेव्हा ते वाकते की चमकते? ट्विंकलमध्ये इंग्रजीने जे साधले तेच मराठीने येथे साधले आहे. शिवाय 'पाते लवते न लवते तोच' या रचनेत मराठीने कालाचे सूक्ष्म अंतर दाखविण्यासाठी वाक्यरचनाच वापरली आहे. क्रिया झाली आणि झाली नाही, या दोहोंच्या मधली चिरेवजा जागा ती दाखविते, आणि ती कोणत्याही क्रियापदाला लावता येते : गाडी थांबते न थांबते तोच, दिवा लागतो न लागतो तोच. इंग्रजीला यासाठी दोन अव्ययांची कसरत करावी लागते.

ज्या 'चमकणे'ला दारिद्र्याचे चिन्ह ठरविण्यात येते तेही इतके गरीब नाही. आपले नाव अनपेक्षितपणे ऐकून माणूस चमकतो, पाठीत चमक भरते, वीज चमकते. धक्का, कळ आणि तेज या तिन्हींत समान आहे तो आकस्मिकपणा. प्रकाश हा त्यातला एक प्रकार. संस्कृत साहित्यशास्त्रात रसास्वादाचे वर्णन करताना 'चमत्कार' ही संज्ञा येते. तीतील 'चमत्' हा विस्मयाचा अनुकरणशब्द असून 'चमकणे'चा संबंध त्याच्याशीच जोडण्यात येतो. एवढा वंश असलेला शब्द दुर्बळ म्हणता येणार नाही. दोष त्याला ग्लिटर, ग्लिसन व ग्लिमर यांच्या जागी राबविण्यात आहे. ओल्या सुरमईच्या अंगावरील तकाकी (ग्लिसन) किंवा होडीवरचा मंद दिवा (ग्लिमर) यांत आकस्मिक असे काहीच नसते. जेन टेलरच्या १८०६ सालच्या ताऱ्यावरील बालगीतामुळे ट्विंकल हा शब्द मुंबईच्या शाळांत बहुधा प्रथम कानी पडतो. त्याचा अर्थ 'चमकणे' असा सांगितला की मूल एक अर्थ शिकते आणि पापणी विसरते. 'लुकलुकणे' सांगितले तर दोन्ही राहतात, कारण मराठीत तान्ह्या मुलाचे डोळेही लुकलुकतात.

तरीही लेखनात हे शब्द टाळले जातात, आणि याचे कारण कोशाहून खोल आहे. लखलख, लुकलुक, मिणमिण हे शब्द बालिश किंवा बोलीतले आहेत, गंभीर गद्याला ते शोभत नाहीत, असा समज शिक्षित वर्गात दृढ झाला आहे. परीक्षक तो निबंधांत पाळतात, संपादक लेखांत पाळतात, आणि विद्यापीठीय नियतकालिके तर त्याचे माहेरच होत. मिणमिणत्या दिव्याची 'मंद प्रकाश देणारा दीप' अशी शुद्धी होते, 'लखकन'चे 'क्षणार्धात तेजाळून' होते. दुसऱ्या उदाहरणात शब्द वाढले आणि वेग गेला. शिवाय क्षणाचे माप अमराप्रमाणे घेतल्यास दोन मिनिटे लागली.

या समजाला संस्कृतचा आधार आहे असे वाटते, पण तसा तो नाही. प्रतिष्ठित गद्यात ज्या शब्दाचा मोठा मान आहे तो 'देदीप्यमान' घ्यावा. दीप् धातूला द्वित्व करून पौनःपुन्य किंवा आतिशय्य दाखविणारे हे यङन्त रूप आहे. 'जाज्वल्य' हेही तसेच, ज्वल् धातूच्या द्वित्वाचे. लखलखणे आणि देदीप्यमान असणे यांत भाषिक युक्ती एकच आहे : अंगाची पुनरुक्ती करावी आणि क्रियेचा जोर वा सातत्य दाखवावे. एकीला बालिश आणि दुसरीला भारदस्त म्हणण्यास व्याकरणात जागा सापडत नाही, ती समाजात सापडते. 'दैदिप्यमान' हे सर्वत्र दिसणारे चुकीचे लेखन या दृष्टीने बोलके आहे. लिहिणाऱ्याला त्यातील द्वित्व ऐकू येईनासे झाले आहे. शब्द भारदस्त राहिला, यंत्र बंद पडले. 'लखलख' लिहिताना अशी चूक कोणाकडून होत नाही.

पवित्र व गंभीर मजकुराला अशी बोली भाषा पेलत नाही, हा आक्षेपही तपासून पाहता येतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृतांच्या पुनरुत्थानाचे वर्णन आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये अविभाज्य कण या अर्थाचा 'आतोमोस' हा शब्द येतो आणि त्याला लागूनच डोळ्याच्या पापणीची प्रतिमा येते. मध्ययुगीन गणनेतील अणू या शब्दावरूनच आला. इंग्रजीने ट्विंकलिंग हा घरगुती शब्द तेथे निःसंकोच योजला, आणि तो त्या भाषेतील अत्यंत गंभीर प्रसंगी आजही उच्चारला जातो. विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने सेरामपूर येथे १८११ साली नवा करार मराठीत छापला गेला. तेव्हापासून त्या स्थळी येणाऱ्या प्रत्येक मराठी भाषांतरकारापुढे दोन वाटा असतात. 'निमिष' घेतल्यास पापणी राहते, पण ती संस्कृत जाणणाऱ्यालाच दिसते. पाते लवण्याची रचना घेतल्यास माहीमच्या चर्चमधील प्रत्येक मराठी भाविकाला ती दिसेल. दुसरी वाट अधिक चांगली आहे, कारण मूळ लेखकाने कणाची सूक्ष्मता सांगून झाल्यावर लगेच सर्वांना ठाऊक असलेल्या हालचालीचा आधार घेतला, तो सर्वांना कळावे म्हणूनच.

मराठीची बाजू घेताना उणिवा झाकण्याचे कारण नाही. शिमर या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. तापलेल्या वाळूवर थरथरणारा किंवा रेशमावरून सरकणारा मऊ, अस्थिर प्रकाश दाखविण्यासाठी मराठीला विशेषणे जोडावी लागतात. 'झिलमिल' हिंदीतून येऊ पाहत आहे आणि तिला अडविण्यात शहाणपण नाही. ग्लीमचेही तसेच, पृष्ठभागावरून एकदाच सौम्यपणे उमटणारे तेज 'लकाकणे'ने थोडेसे पकडले जाते, सगळे नाही. उलट 'कवडसा' व 'तिरीप' यांच्यापुढे इंग्रजीला शब्द थांबवून वर्णन करावे लागते : छपराच्या भोकातून जमिनीवर पडलेला उन्हाचा ठिपका निराळा आणि फटीतून आत आलेली तिरकस शलाका निराळी, हा भेद कौलारू घरांत राहिलेल्या भाषेने जपला आहे. माहीमच्या कोळीवाड्यात आता कौले फारशी उरलेली नाहीत, आणि काँक्रीटच्या खोलीत कवडसा पडण्यास वाव नसतो. त्या शब्दाचे पुढे काय होईल, हे त्या भिंतींवर अवलंबून आहे.

नव्या इंग्रजी-मराठी कोशाने या शब्दांच्या नोंदी करताना समानार्थी शब्दांची रांग लावण्याऐवजी प्रकाश एकदाच दिसतो की पुन्हा पुन्हा, तो ओल्या पृष्ठभागाचा की कोरड्या, दिवा स्वतःचा की परावर्तित, एवढे तरी आधी सांगावे, आणि त्या त्या स्थितीत मराठी कोणते रूप घेते ते उदाहरणासह द्यावे. ग्लिंटच्या नोंदीला उदाहरण शोधण्यास दूर जावे लागणार नाही. मासळीबाजारात कोळीण सुरमईचे तुकडे करताना छतातून तिरीप येते, आणि उचललेल्या कोयत्याचे पाते लखकन डोळ्यांत भरते.